सर अल्बर्ट हॉवर्ड

सर अल्बर्ट हॉवर्ड (८ डिसेंबर १८७३ – २० ऑक्टोबर १९४७) हे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ व कृषिसंशोधक होते. शेतातील काडीकचरा, शेण, मूत्र आणि माती यांपासून सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने कंपोस्ट खत तयार करण्याची इंदूर पद्धत त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. आधुनिक सेंद्रिय शेतीच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. १९०५ ते १९३१ या काळात त्यांनी भारतात काम केले. त्यांपैकी शेवटची सात वर्षे ते होळकरांच्या इंदूर संस्थानातील वनस्पती उद्योग संस्थेचे संचालक होते. पिकाचे आरोग्य जमिनीच्या आरोग्यावर अवलंबून असते आणि जमिनीचे आरोग्य तिच्यातील जिवंत सृष्टीवर, हे त्यांच्या विचाराचे सार होय. त्यांची पद्धत पुढे ऊस, चहा, कॉफी, मका अशा अनेक पिकांसाठी जगाच्या निरनिराळ्या भागांत वापरली गेली.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

हॉवर्ड यांचा जन्म इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यात बिशप्स कॅसल येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतीची कामे त्यांनी बालपणापासून पाहिली होती. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि नंतर केंब्रिज विद्यापीठाच्या सेंट जॉन्स कॉलेजमध्ये त्यांचे उच्च शिक्षण झाले. निसर्गविज्ञानात त्यांनी प्रथम श्रेणी मिळवली, तसेच केंब्रिजची कृषी पदविकाही संपादन केली.

१८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजमध्ये गेले. बार्बाडोस येथे अध्यापन आणि शाही कृषी खात्यात कवकशास्त्रज्ञ म्हणून काम, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. उसावरील बुरशीजन्य रोगांचा त्यांनी अभ्यास केला. रोगावर उपाय सुचवायचा, पण ते पीक स्वतः कधी पिकवायचे नाही, ही स्थिती त्यांना खटकू लागली. प्रयोगशाळा आणि शेत यांच्यातील हे अंतर कमी करणे हा पुढे त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा विषय झाला.

१९०३ ते १९०५ या काळात ते इंग्लंडमधील वाय येथील कृषी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्रज्ञ होते. तेथे त्यांनी हॉप या वेलीवर काम केले. बागायतदार नर वेली काढून टाकत असत. नर वेली ठेवून परागीभवन होऊ दिल्यास मादी वेलींची वाढ चांगली होते आणि त्या किडी-रोगांना कमी बळी पडतात, असे हॉवर्ड यांना आढळले. निसर्गाच्या क्रमाशी जुळवून घेतले तर पीक स्वतःचे रक्षण करते, या विचाराची सुरुवात येथे झालेली दिसते.

पुसा येथील कार्य (१९०५–१९२४)

१९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे नव्याने स्थापन झालेल्या कृषी संशोधन संस्थेत हॉवर्ड यांची शाही आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नियुक्ती झाली. त्याच वर्षी त्यांचा विवाह गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी झाला. गॅब्रिएल या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजच्या विदुषी होत्या. एफ. एफ. ब्लॅकमन यांच्यासह त्यांनी केलेले प्रकाशसंश्लेषणावरील संशोधन वनस्पतिशरीरक्रियाशास्त्रात महत्त्वाचे मानले जाते. १९१३ मध्ये त्यांना द्वितीय शाही आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ हे पद मिळाले. पुसा व इंदूर येथील बहुतेक संशोधन या दांपत्याने मिळून केले आणि संयुक्त नावाने प्रसिद्ध केले.

पुसा येथे हॉवर्ड दांपत्याचे मुख्य काम गव्हाच्या सुधारणेचे होते. निवड आणि संकर यांद्वारे त्यांनी पुसा ४, पुसा १२ यांसारखे वाण तयार केले. हे वाण उत्तर भारतात मोठ्या क्षेत्रावर पसरले. उन्हाळ्यात क्वेट्टा येथे त्यांनी फळबागा, फळांची बांधणी व पाणी देण्याच्या पद्धती यांवरही काम केले. या कार्याबद्दल हॉवर्ड यांना १९१४ मध्ये सी.आय.ई. हा किताब देण्यात आला.

सुधारित वाण मात्र पुरेसा नाही, असे त्यांना लवकरच दिसून आले. चांगले बी कसहीन किंवा हवा न खेळणाऱ्या जमिनीत पेरले तर त्याचा गुण प्रकट होत नाही. म्हणून त्यांनी स्वतः पीक घेण्यासाठी सुमारे ७५ एकर जमीन मिळवली आणि आसपासच्या शेतकऱ्यांच्या पद्धतींचे बारकाईने निरीक्षण केले. शेतकरी कीटकनाशके वापरत नसत, तरी त्यांची पिके बऱ्याच अंशी निरोगी राहत. मिश्र पिके, कडधान्यांचा फेरपालट, खोल मुळांच्या पिकांची निवड यांमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. शेतकरी आणि कीड या दोघांनाही त्यांनी आपले शिक्षक मानले. कीड व रोग म्हणजे पिकाची निगा कोठे चुकली हे दाखवणारी खूण होय, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यांच्या बैलांबाबतचे निरीक्षण विशेष प्रसिद्ध आहे. सकस जमिनीतील वैरणीवर वाढलेले हे बैल शेजारच्या लाळ्या-खुरकूत झालेल्या जनावरांच्या सान्निध्यात येत, तरीही त्यांना रोग झाला नाही, असे त्यांनी नोंदवले. हा नियंत्रित प्रयोग नव्हता. तरीही जमीन, वैरण आणि जनावराचे आरोग्य यांच्यातील संबंधाविषयी हॉवर्ड यांचे मत त्यामुळे दृढ झाले.

पुसा येथे संशोधनाची विभागणी वनस्पतिशास्त्र, कवकशास्त्र, कीटकशास्त्र, जिवाणुशास्त्र आणि रसायनशास्त्र अशा स्वतंत्र शाखांत झाली होती. एकाच पिकाचा प्रश्न पाच खात्यांत वाटला गेला की शेतकऱ्याला उपयोगी पडेल असे उत्तर कोणाकडूनच मिळत नाही, असे हॉवर्ड यांचे म्हणणे होते. पीक हा केंद्रबिंदू मानून सर्व शाखा एकत्र आणणारी नवी संस्था त्यांना हवी होती.

इंदूर येथील वनस्पती उद्योग संस्था

ही संधी १९२४ मध्ये इंदूर येथे मिळाली. कापसावरील उपकरातून चालणाऱ्या इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने आणि मध्य भारतातील संस्थानांनी नव्या संस्थेचा खर्च उचलला. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर काळी जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिली. हॉवर्ड हे या संस्थेचे संचालक झाले. मध्य भारत व राजपुताना येथील संस्थानांचे कृषी सल्लागार म्हणूनही ते काम पाहत.

माळव्याची काळी जमीन वऱ्हाड-खानदेशच्या कापसाच्या जमिनीसारखीच असते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पाण्याने तुंबते. अशा जमिनीत मुळांना हवा मिळत नाही. म्हणून संस्थेत प्रथम बांध, उतार आणि पाण्याचा निचरा यांची व्यवस्था करण्यात आली. निचरा सुधारल्यानंतर खताचा प्रश्न समोर आला. शेतकऱ्याकडे शेणखत फार थोडे असे. शेणाच्या गोवऱ्या करून ते जाळले जाई, गोठ्यातील मूत्र जमिनीत मुरून वाया जाई आणि पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, तण व पाचट यांचा खतासाठी फारसा उपयोग होत नसे.

संस्थेतील मजुरांच्या बाबतीतही हॉवर्ड यांनी वेगळे धोरण ठेवले. कामाचा दिवस सहा तासांचा केला आणि वेतन नियमित व वेळेवर देण्याची व्यवस्था केली. कंपोस्टसारखे काळजीपूर्वक करावयाचे काम थकलेल्या व असमाधानी माणसांकडून होणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

इंदूर पद्धत

इंदूर पद्धतीचा विकास १९२४ ते १९३१ या काळात झाला. संस्थेतील रसायनशास्त्राचे प्रमुख साहाय्यक यशवंत डी. वाड यांचा त्यात मोठा वाटा होता. चीनमधील शेतकरी हजारो वर्षे कचरा, विष्ठा आणि चिखल कुजवून जमिनीला परत देत आले होते. अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांच्या १९११ मधील ग्रंथात त्याचे वर्णन होते आणि त्याचा हॉवर्ड यांच्यावर प्रभाव पडला. या परंपरागत ज्ञानाला कुजण्याच्या प्रक्रियेविषयीच्या आधुनिक संशोधनाची जोड देऊन इंदूरची पद्धत सिद्ध झाली.

पद्धतीचे मूलतत्त्व सोपे आहे. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल अशा उथळ खड्ड्यात निरनिराळ्या प्रकारचा वनस्पतिजन्य कचरा थर देऊन भरतात. प्रत्येक थरावर शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे मिश्रण पसरून पाणी शिंपडतात. पऱ्हाट्यांसारखी कठीण धसकटे आधी रस्त्यावर टाकून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. भरलेला खड्डा तुडवत नाहीत, कारण आत हवा खेळती राहणे आवश्यक असते. ढीग ओलसर असावा, पण चिंब नसावा. दुर्गंधी किंवा माश्या आढळल्या तर हवा कमी पडली असे समजावे. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचते, म्हणून त्या काळात जमिनीवर ढीग रचतात.

ढिगात प्रथम बुरशींची आणि नंतर जिवाणूंची वाढ होते. त्यांच्या क्रियेने तापमान सुमारे ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि पुढे हळूहळू उतरते. या उष्णतेने तणांचे बी व अनेक रोगजंतू नष्ट होतात. सुमारे दोन आठवडे, एक महिना आणि दोन महिने अशा टप्प्यांनी खताची उलथापालथ करतात. साधारण ९० दिवसांत गडद रंगाचे, भुसभुशीत खत तयार होते. संस्थेत सुमारे ४० बैलांच्या शेण-मूत्राच्या आधारे वर्षाला सुमारे १,००० गाड्या कंपोस्ट तयार होई. त्यासाठी एकूण शेणापैकी सुमारे चौथा हिस्साच लागे. उरलेले शेण सरपणासाठी वापरता येत असल्याने गोवरी की खत हा शेतकऱ्यापुढील जुना पेच काही अंशी सुटत होता.

कचरा थेट शेतात न गाडता आधी कुजवावा, या आग्रहामागे शास्त्रीय कारण होते. वाळलेल्या काडीकचऱ्यात कर्ब खूप आणि नत्र थोडे असते. असा कचरा जमिनीत गाडला तर तो कुजवणारे सूक्ष्मजीव आपल्या वाढीसाठी जमिनीतीलच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. मक्यासारख्या थोड्या दिवसांत भराभर वाढणाऱ्या व नत्राची मोठी भूक असणाऱ्या पिकाला याचा विशेष फटका बसतो. इंदूरच्या ढिगात निरनिराळे पदार्थ मिसळून कर्ब-नत्राचे सुरुवातीचे प्रमाण सुमारे ३३ : १ ठेवले जाई आणि तयार खतात ते सुमारे १० : १ पर्यंत येई. सूक्ष्मजीवांचे काम ढिगातच पुरे झाल्याने जमिनीला एकाच वेळी कचरा कुजवणे आणि पीक पोसणे अशी दोन कामे करावी लागत नसत.

या संशोधनाचा वृत्तांत हॉवर्ड व वाड यांनी १९३१ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रकाशित केलेल्या द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर या ग्रंथात मांडला.

इंग्लंडला परत आणि पद्धतीचा प्रसार

१९३० मध्ये गॅब्रिएल यांचे निधन झाले. पंचवीस वर्षांचे सहजीवन आणि सहसंशोधन संपले. १९३१ मध्ये हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. त्याच वर्षी त्यांनी गॅब्रिएल यांच्या भगिनी लुईस मॅथाई यांच्याशी विवाह केला. १९३४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

निवृत्तीनंतर त्यांचे काम खऱ्या अर्थाने जगभर पोहोचले. केनियातील कॉफीचे मळे, भारत व श्रीलंका येथील चहाचे मळे आणि आफ्रिकेतील मक्याची शेते येथे इंदूर पद्धतीचे खत वापरले जाऊ लागले. भारतात महात्मा गांधींनी १९३५ मध्ये हरिजन या साप्ताहिकातून या पद्धतीची माहिती खेड्यांपर्यंत नेली. गावातील घाणीचे संपत्तीत रूपांतर करण्याचा मार्ग म्हणून ग्रामोद्योगाच्या कार्यक्रमाशी ती सहज जुळणारी होती.

मका आणि टारफुला

मक्याच्या संदर्भात दक्षिण ऱ्होडेशिया, म्हणजे आजचा झिंबाब्वे, येथील अनुभव हॉवर्ड यांना विशेष महत्त्वाचा वाटला. वर्षानुवर्षे मक्यानंतर मकाच घेतल्याने तेथील जमिनी कसहीन झाल्या होत्या आणि स्ट्रायगा या परजीवी वनस्पतीने शेते ग्रासली होती. महाराष्ट्रात ज्वारीवर येणारा टारफुला याच प्रजातीतील आहे. स्ट्रायगाचे सूक्ष्म बी अनेक वर्षे जमिनीत सुप्त राहते, यजमान पिकाच्या मुळांची चाहूल लागताच रुजते आणि त्या मुळांना चिकटून पिकाचा रस शोषते. कॅप्टन मोब्रे या शेतकऱ्याने आपल्या शेतावर इंदूर पद्धतीचे कंपोस्ट मोठ्या प्रमाणावर तयार केले. कंपोस्ट दिलेल्या शेतातील मक्यावर स्ट्रायगाचा प्रादुर्भाव फारच कमी होतो, असे निरीक्षण टिमसन यांनी १९३८ मध्ये ऱ्होडेशियाच्या कृषी नियतकालिकात प्रसिद्ध केले.

हॉवर्ड यांनी त्याचा अर्थ आपल्या सिद्धांतानुसार लावला. ह्यूमसमुळे मुळांवर सहजीवी बुरशी, म्हणजे मायकोरायझा, वाढते, पिकाचे पोषण सुधारते आणि सशक्त पीक परजीवीला दाद देत नाही, असे त्यांचे मत होते. मायकोरायझाविषयी त्यांना एम. सी. रेनर यांच्या संशोधनाचा आधार होता.

पुढील संशोधनाने या निरीक्षणाला आधार मिळाला, पण स्पष्टीकरण अधिक गुंतागुंतीचे निघाले. नत्र व स्फुरद कमी पडले की मक्याची मुळे स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्ये अधिक प्रमाणात स्रवतात. ही द्रव्ये म्हणजे मित्रबुरशीला दिलेली हाक असते, परंतु स्ट्रायगाचे बीही तीच हाक ऐकून रुजते. सकस जमिनीत हा स्राव घटतो आणि परजीवीचे रुजणेही घटते. म्हणजे जमिनीचा कस आणि परजीवीचा प्रादुर्भाव यांचा संबंध हॉवर्ड यांनी बरोबर ओळखला होता. त्यामागील रासायनिक यंत्रणा मात्र त्यांच्या निधनानंतर अनेक दशकांनी उलगडली.

विचार आणि लेखन

१९४० मध्ये प्रसिद्ध झालेला ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट हा हॉवर्ड यांचा सर्वांत प्रभावी ग्रंथ होय. अरण्यात कोणी खत घालत नाही, तरी तेथील जमीन सुपीक राहते, कारण वाढ आणि कुजणे यांचा तेथे समतोल असतो, हे या ग्रंथाचे सूत्र आहे. जमिनीतून जे घेतले ते कुजवून तिला परत दिले पाहिजे, या तत्त्वाला त्यांनी परतफेडीचा नियम मानले. नत्र, स्फुरद व पालाश यांचा हिशोब मांडून जमीन समजत नाही, अशी त्यांची टीका होती. मनुष्य, पशू, पीक आणि जमीन यांचे आरोग्य ही एकच साखळी आहे, हा विचार त्यांनी १९४५ च्या फार्मिंग अँड गार्डनिंग फॉर हेल्थ ऑर डिसीज या ग्रंथात विस्ताराने मांडला. अमेरिकेत हा ग्रंथ द सॉइल अँड हेल्थ या नावाने प्रसिद्ध झाला.

टीका

हॉवर्ड यांच्या विचारांना तत्कालीन कृषिशास्त्रज्ञांकडून कडवा विरोध झाला. लहान वाफ्यांतील तुलनात्मक प्रयोग आणि संख्याशास्त्रीय विश्लेषण यांवर त्यांचा विश्वास नव्हता. संपूर्ण शेत हाच प्रयोग, असे ते मानत. त्यामुळे त्यांचे अनेक निष्कर्ष इतरांना पडताळून पाहणे कठीण गेले. सकस जमिनीतील अन्नाने माणसाचे रोग टळतात, हे त्यांचे प्रतिपादन त्यांनी दिलेल्या पुराव्यापेक्षा पुढे गेलेले होते.

दुसरी अडचण व्यवहारातील होती. कंपोस्ट तयार करण्यास पाणी, जनावरे आणि बरेच मनुष्यबळ लागते. संस्थेच्या आवारात जे शक्य झाले, ते दोन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तितके सोपे नव्हते.

भारतीय शेतकऱ्यांपासून शिकल्याच्या त्यांच्या कथनाचीही अलीकडे चिकित्सा झाली आहे. इतिहासकार ग्रेगरी बार्टन यांच्या मते त्यांच्या कार्याची मुळे पाश्चात्त्य विज्ञानातही तितकीच खोल होती आणि पुढच्या काळात शेतकरी गुरूंची प्रतिमा अधिक ठळक करण्यात आली. गॅब्रिएल हॉवर्ड आणि यशवंत वाड यांचे श्रेय अनेकदा दुर्लक्षित राहिले, ही बाबही अभ्यासकांनी निदर्शनास आणली आहे.

निधन व वारसा

२० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनमधील ब्लॅकहीथ येथे हॉवर्ड यांचे निधन झाले. लुईस हॉवर्ड यांनी १९५३ मध्ये त्यांच्या भारतातील कार्यावर ग्रंथ लिहिला. इंग्लंडमध्ये ईव्ह बॅलफर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये स्थापन झालेली सॉइल असोसिएशन आणि अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सुरू केलेले सेंद्रिय शेतीचे मासिक यांमागे हॉवर्ड यांच्या विचारांची प्रेरणा होती.

भारतात इंदूर पद्धतीनंतर कंपोस्टच्या अन्य पद्धती पुढे आल्या. सी. एन. आचार्य यांनी १९३९ मध्ये बंगलोर पद्धत विकसित केली. तिच्यात ढीग मातीने लिंपतात व वारंवार उलथापालथ करावी लागत नाही, म्हणून मजुरी वाचते, पण खत तयार होण्यास अधिक काळ लागतो. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्याची नाडेप पद्धत प्रचलित केली. भिंतींतील छिद्रांतून हवा आत जात असल्याने तिच्यातही उलथापालथीचे श्रम टळतात. हॉवर्ड यांच्या पद्धतीतील मजुरीची अडचण या दोन्ही पद्धतींनी आपापल्या मार्गाने सोडवण्याचा प्रयत्न केला. महाराष्ट्रातील कृषी शिक्षणात या तिन्ही पद्धती आजही एकत्र शिकवल्या जातात.

इंदूरमधील वनस्पती उद्योग संस्थेच्या जागी आता कृषी महाविद्यालय असून ते ग्वाल्हेर येथील राजमाता विजयाराजे सिंदिया कृषी विद्यापीठाशी संलग्न आहे.